रिसॉर्टमधल्या इटालियन रेस्तराँत सहकुटुंब जेवायला जाताना : इंदूरकरांसाठी

शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये इटालियन जेवणाचा बेत ठरला, की घरात पहिला प्रश्न निघतो : तिथे आजीला काय चालेल? टेबलावर बसल्यावर दुसरा : मागवायचं काय आणि किती? ऑर्डर देण्याआधी नेमकं काय विचारायचं हे माहीत असलं की दोन्ही प्रश्न सुटतात. इटालियन पदार्थात जिन्नस चार-पाचच असतात. त्यातला एक चालत नसेल तर तो वगळून पदार्थच उरत नाही, आणि एक जरी हलक्या प्रतीचा असला तरी तो झाकायला मसाला नसतो. म्हणून इथे आधी विचारणं हा जेवणाचाच भाग समजा.

फोनवरच मिटवायच्या गोष्टी

रिसॉर्टचा नंबर लावला की फोन रिसेप्शनला जातो. तिथेच टेबल सांगून मोकळे होऊ नका, रेस्तराँला जोडून द्यायला सांगा. पहिला प्रश्न हा की त्या दिवशी इटालियन रेस्तराँ चालू आहे का. अशी खास रेस्तराँ बरेचदा फक्त रात्रीच उघडतात आणि मंदीच्या दिवसांत आठवड्यातून एक दिवस बंद असतात. मग विचारा की मुक्कामाला नसलेल्यांना प्रवेश आहे का, मेनूकार्डावरून मागवता येईल की फक्त बुफे आहे, आणि शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात.

लग्नसराईत आणखी एक प्रश्न वाढतो. तुळशीचं लग्न उरकलं की इंदूरच्या बायपासवरची, उज्जैन रोडवरची रिसॉर्टं लग्नांनी भरतात. त्या दिवशी किचनचे हात बँक्वेटकडे वळलेले असतात, पार्किंग भरलेलं असतं आणि लॉनवरचा डीजे जेवायच्या टेबलापर्यंत ऐकू येतो. ‘आज शादी का फंक्शन है क्या?’ एवढं फोनवर विचारलं तरी पुरतं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे इथे ज्याला खरमास म्हणतात त्या धनुर्मासात, लग्नं थांबतात. त्यातले २४, २५ आणि ३१ डिसेंबर सोडा, कारण त्या रात्री बहुतेक ठिकाणी ठरावीक दराचं गाला डिनर असतं आणि नेहमीचा मेनू मिळत नाही. २ जानेवारी ते संक्रांत हा काळ सगळ्यात निवांत.

रिसॉर्टमध्ये मुक्कामच असेल तर आपलं पॅकेज बघा. सीपी म्हणजे खोलीसोबत फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. एमएपीतलं ‘एक जेवण’ बहुतेक वेळा मोठ्या डायनिंग हॉलमधल्या बुफेचं असतं. इटालियन रेस्तराँत जेवायचं तर त्याचं बिल वेगळं लागतं किंवा ठरावीक रक्कम वळती करून वरचे पैसे घेतात. यातलं काय लागू आहे ते व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लिहून घ्या. चेक-आउटच्या वेळी उडणारे खटके बहुतेक इथलेच असतात.

जैन जेवण, अंडं अजिबात न चालणं, व्हीलचेअर, लहान मुलाची उंच खुर्ची, वाढदिवसाचा बाहेरून आणलेला केक, हे सगळं फोनवरच सांगा. कांदा-लसणाशिवायचा टोमॅटो सॉस ऐनवेळी मिळणं कठीण, कारण तो सकाळीच मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवलेला असतो. दुपारी कळलं तर शेफ थोडा वेगळा काढतो.

टेबल साडेसातचं घ्या. नऊनंतर गर्दी झाली की रिसोत्तो (इटालियन पद्धतीचा मऊसर भात) आणि पिझ्झा या दोन्हींची तब्येत बिघडते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडून बायपास गाठायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी पाऊण तास हाताशी ठेवा. पूलजवळचं टेबल छान दिसतं, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पास्ता तिथे तीन-चार मिनिटांत गार होतो आणि पावसाळ्यानंतर डास असतात. या दोन्ही वेळी आतलं टेबल मागा. कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. पुरुषांनी चड्डी आणि रबरी चपला टाळल्या की झालं.

शाकाहाऱ्यांनी काय विचारायचं

मेनूवरच्या हिरव्या टिपक्यावरून मांस, मासे आणि अंडं नाही एवढं कळतं. चीजमधल्या रेनेटचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. दूध फाडायला पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही दोन चीज त्यांच्या इटलीतल्या नियमांनुसार वासराच्या रेनेटनेच बनतात, पेकोरिनो रोमानोला कोकराचं लागतं. भारतात बनणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून काढलेलं रेनेट असतं आणि ते शाकाहारी आहे. म्हणून सरळ विचारा : ‘भैया, पार्मेज़ान वेज रेनेट वाला है क्या? ज़रा शेफ से पूछ के बताइए.’ वेटरने लगेच ‘हाँ जी, सब वेज है’ म्हटलं तर त्याने आत विचारलेलं नाही हे ओळखा, आणि पाकीट दाखवायला सांगा. चांगल्या हॉटेलात याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. मास्कारपोने हे मऊ चीज मात्र क्रीममध्ये आम्ल घालून बनतं, त्याला रेनेट लागत नाही.

दुसरा प्रश्न अंड्याचा. सुका पास्ता, म्हणजे स्पॅगेटी, पेन्ने, फुसिल्ली वगैरे, ड्यूरम गव्हाचा रवा आणि पाणी यांचा असतो. ड्यूरम म्हणजे आपल्या मालव्यात पिकणारा कठिया गहू, ज्याचे बाफले होतात. याउलट टालियातेल्ले, राविओली, ताज्या पट्ट्यांचं लझान्या यात अंडं असतं; जुनं प्रमाण १०० ग्रॅम पिठाला एक अंडं असं आहे. मेनूवर ‘फ्रेश पास्ता’ किंवा ‘हाउस-मेड’ लिहिलेलं असेल तर विचारायचंच. न्योक्कीत, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या छोट्या गोळ्यांतही, बरेच जण बांधणीसाठी अंडं घालतात.

तिसरा प्रश्न सूप आणि रिसोत्तोच्या स्टॉकचा, म्हणजे भाज्या किंवा मांस उकळून काढलेल्या पाण्याचा. मिनेस्त्रोने भाज्यांचं सूप असलं तरी त्याचा स्टॉक चिकनचा असू शकतो. ‘वेज स्टॉक है ना?’ एवढं पुरतं.

चौथा गोडाचा. पान्ना कोत्ता, म्हणजे थिजवलेलं गोड क्रीम, जिलेटिनने जमतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं. समुद्री शेवाळापासून काढलेलं अगर-अगर घालून केलेलं असेल तर चालेल. तिरामिसूत कच्चं अंडं, अंड्याची बिस्किटं आणि पुष्कळदा मार्साला वाइन किंवा रम असते. इथल्या हॉटेलांत बिनअंड्याचं तिरामिसू सर्रास मिळतं, पण दारूचं वेगळं विचारा, विशेषतः मुलं खाणार असतील तर. जेलातोच्या, म्हणजे इटालियन आइस्क्रीमच्या, काही चवींमध्ये अंड्याचा बलक असतो. सोर्बेत्तो, म्हणजे फळांचा रस, पाणी आणि साखर गोठवून केलेला प्रकार, सगळ्यांना चालतो.

आणि सीझर सॅलड. ते इटलीतलं नाहीच, १९२४ साली मेक्सिकोतल्या तिहुआनात सीझर कार्दिनी यांच्या रेस्तराँत जन्मलं. त्याच्या ड्रेसिंगमध्ये अंडं आणि अँकोव्ही मासे असतात. वर चिकन नाही म्हणून ते शाकाहारी होत नाही. पुत्तानेस्का सॉसमध्येही बहुधा अँकोव्ही असतात.

जैन पाहुणे बरोबर असतील तर काप्रेसे घ्या : टोमॅटो, ताजं मोत्झारेल्ला, तुळशीच्या कुळातलं बेसिल आणि ऑलिव्ह तेल, बाकी काही नाही. मार्गेरीता पिझ्झाही चालतो, कारण अस्सल नापोली पद्धतीत त्याचा सॉस म्हणजे कुस्करलेले टोमॅटो आणि मीठ. लसूण घातलेला नाही ना एवढं विचारा. लोणी आणि सेज पानांत परतलेला सुका पास्ता जवळजवळ कुठेही करून देतात. पेस्तो, म्हणजे बेसिलचा हिरवा वाटलेला सॉस, मात्र लसणाशिवाय मागायचा तर फोनवरच सांगावा लागतो.

सहा जणांनी किती मागवायचं

इटलीत जेवणाचा क्रम असा : सुरुवातीला आन्तिपास्तो, मग प्रीमो म्हणजे पास्ता, रिसोत्तो किंवा सूप, मग सेकोन्दो म्हणजे मांस-मासे आणि सोबत कोन्तोर्नो म्हणजे भाजी, शेवटी गोड आणि कॉफी. पिझ्झा हे तिथे वेगळंच पूर्ण जेवण आहे, या रांगेत तो बसत नाही. सगळे टप्पे घ्यायचं बंधन तिथेही कोणावर नसतं, आणि शाकाहारी टेबलाचं जेवण तर प्रीमोपाशीच भरतं.

पास्त्याच्या एका पोर्शनला साधारण ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता लागतो आणि शिजल्यावर तो वजनाने दुपटीच्या वर जातो. आपल्याकडची हॉटेलं बहुधा याहून थोडं जास्तच वाढतात. त्या हिशेबाने चार मोठे आणि दोन मुलं असतील तर दोन आन्तिपास्ती, एक पिझ्झा, दोन पास्ते, एक रिसोत्तो आणि दोन गोड पदार्थ भरपूर होतात. सूप हवंच असेल तर वन बाय टू. आधी एवढंच मागवा. पिझ्झा तर दहा मिनिटांत आणखी एक येऊ शकतो.

सॉस निवडताना एक नियम पाळला की टेबल सावरतं : एक टोमॅटोचा, एक तेलाचा किंवा पेस्तोचा, एकच क्रीम-चीजचा. लग्नातल्या लाइव्ह काउंटरवर व्हाइट सॉस, मका आणि ढोबळी मिरची घातलेल्या पास्त्याची सवय लागलेली असते, म्हणून तीनही ऑर्डरी नकळत पांढऱ्या जातात आणि चौथ्या घासाला सगळ्यांचं पोट जड होतं. रोममध्ये आल्फ्रेदो लोणी आणि पार्मिजानोचाच असतो; इथे त्यात क्रीम येतं. कार्बोनारात मुळात अंडं, पेकोरिनो, मिरपूड आणि डुकराच्या गालाचं मांस, क्रीम नाही. इथे तो बेकन किंवा चिकन घालून क्रीममध्ये मिळतो, तेव्हा मांसाहारींनी कोणता ते आधी विचारावं. टोमॅटो आणि क्रीम मिसळलेला पिंक सॉस इथलाच आहे, आवडत असेल तर खुशाल घ्या. पण रिसॉर्टच्या भावात तो खाण्यापेक्षा आराबियाता घेतलेला बरा : लसूण, टोमॅटो, सुकी लाल मिरची. इंदुरी जिभेला हा पहिल्याच घासात पटतो. चिली फ्लेक्स मागितले तर वाटीत आणून देतात, पण आधी दोन घास तसेच खाऊन बघा.

ट्रफल ऑइलचे जादा पैसे देऊ नका. बाजारातल्या बहुतेक ट्रफल ऑइलला वास येतो तो कृत्रिम सुगंधामुळे. त्याऐवजी बुर्राता घ्या, म्हणजे आत क्रीम भरलेला ताज्या चीजचा गोळा. महाग असते, पण एका गोळ्यात तीन-चार जणांचं भागतं. ती फार गार नको. फ्रिजमधून थेट आलेली असेल तर पाच-सात मिनिटं थांबा, नाहीतर आतल्या क्रीमची चवच लागत नाही. कापली की लगेच संपवा.

आजी-आजोबांसाठी वेगळा विचार लागतो. नीट शिजवलेला पास्ता दाताखाली किंचित कडक लागतो आणि कवळी असेल तर त्रास होतो. ऑर्डर देतानाच ‘इसको दो मिनट ज़्यादा पकाइए’ सांगा, किंवा त्यांच्यासाठी लझान्या, न्योक्की नाहीतर रिसोत्तो घ्या. मुलांसाठी लोणी आणि चीज लावलेला साधा पेन्ने मेनूवर नसला तरी करून देतात; तो सगळ्यात आधी आणायला सांगा.

वाइन घ्यायची असेल तर ग्लास साधारण १५० मिलीचा येतो, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत पाच. टोमॅटोच्या सॉसशी इटलीतली सांजोवेझे द्राक्षाची लाल वाइन जमते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रातेल्ली हे द्राक्ष पिकवते, कार्डावर दिसलं तर बघा. मध्य प्रदेशात वयाची अट २१ वर्षांची आहे. आणि बेत इंदूरऐवजी उज्जैन, ओंकारेश्वर किंवा महेश्वरचा असेल तर १ एप्रिल २०२५ पासून त्या गावांच्या हद्दीत दारूविक्री बंद आहे.

ताटं येतात तेव्हा

सगळ्यात जास्त जेवणं बिघडतात ती सगळं एकदम आल्यामुळे. वेटरला स्पष्ट सांगा : ‘पहले स्टार्टर, वो ख़त्म हो तब पास्ता, पिज़्ज़ा सबसे आख़िर में.’ आणि पास्ता वाटून खायचा असेल तर किचनमध्येच अर्धा-अर्धा करून दोन गरम ताटल्यांत आणायला सांगा. टेबलावर ताटली फिरत राहिली की क्रीमचा सॉस घट्ट होतो, चीजच्या गुठळ्या होतात. फोटो काढायचाच तर एक, आणि लगेच काटा उचला.

स्पॅगेटीचे तीन-चार धागेच काट्यात घ्या, काट्याची टोकं ताटलीच्या कडेच्या मोकळ्या जागी टेकवा आणि तिथल्या तिथे फिरवा. ढिगाच्या मध्यात काटा खुपसून फिरवला की लिंबाएवढा गोळा होतो आणि तोंडात मावत नाही. चमच्याचा आधार घ्यायची गरज नाही, सुरीने कापायचीही नाही. शेवटी उरलेला सॉस पावाच्या तुकड्याने पुसून घ्या, इटलीत घरोघरी हेच करतात. म्हणून सुरुवातीला आलेला फोकाच्चा पाव सगळा संपवू नका. भूक आधी तोच मारतो.

रिसोत्तो कच्च्या तांदळापासून करायला १८ ते २० मिनिटं लागतात. मोठ्या किचनमध्ये तांदूळ आधी अर्धवट शिजवून ठेवतात आणि ऑर्डरनंतर आठ-दहा मिनिटांत पुरा करतात. तसा केलेला चांगला होऊ शकतो. पारख ताटलीत करा. ताटली हलकेच हलवली की तो पातळसर मुगाच्या खिचडीसारखा पसरायला हवा, आणि दाण्याच्या मध्यात थोडी कणी लागायला हवी. ढीग उभाच राहिला तर तो वाढण्याआधी किचनच्या काउंटरवर पडून राहिलेला आहे, कारण तांदूळ ताटलीतही पाणी ओढत राहतो. गरम स्टॉक घालून पुन्हा हलवून आणायला सांगा. एवढ्याने बरेचदा सुधारतो. दाणे मोडून लगदा झाला असेल तर मात्र तो परत पाठवावा.

पिझ्झा कोणत्या पद्धतीचा आहे ते मागवतानाच विचारा. नापोली पद्धतीचा ४३० ते ४८० अंश सेल्सियसच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो. त्याची कड फुगीर, काळ्या ठिपक्यांची, आणि मध्यभाग ओलसर असतो. तो कच्चा राहिला असं समजून परत पाठवू नका. कच्चा असेल तर कड फाडल्यावर आत पांढरं, चिकट पीठ दिसतं आणि तळाला एकही डाग नसतो. तसा मिळाला तर जरूर परत द्या. कुरकुरीत आवडत असेल तर रोमन पद्धतीचा किंवा ‘थिन क्रस्ट’ सांगा. टॉपिंग जितकी जास्त तितका मधला भाग ओला होतो, म्हणून दोन-तीनांवर जाऊ नका.

कॅपुचिनो जेवणानंतर इटलीत सहसा पीत नाहीत, तो सकाळचा. इथे कोणी अडवत नाही, पण क्रीमचा पास्ता आणि तिरामिसूनंतर पोटात आणखी दूध कशाला, एस्प्रेसो घ्या.

बिल नीट वाचा

मेनूवरचे भाव कर सोडून असतात. ज्या हॉटेलात खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलेला असतो, तिथल्या रेस्तराँत जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. इतरत्र ५ टक्के. खाण्याचं बिल ४,००० झालं तर कर २०० च्या जागी ७२०, म्हणजे ५२० रुपयांचा फरक. हा कर नियमाप्रमाणेच आहे, वेटरशी वाद घालू नका. फक्त जायच्या आधी हिशेबात धरा. मद्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो आणि तो वेगळ्या ओळीत येतो.

सर्व्हिस चार्जचं वेगळं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. बिलात दिसला तर काढून द्यायला सांगा. नाही म्हणाले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. सेवा आवडली तर टीप आपल्या मर्जीने, रोख, थेट वेटरच्या हातात.

पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावलेली दिसेल. हॉटेल-रेस्तराँना ती मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिली आहे. त्यामुळे ‘स्टिल या स्पार्कलिंग?’ या प्रश्नाला ‘सादा फ़िल्टर का पानी’ हे उत्तर बसल्या बसल्या द्या. बाटली उघडल्यावर बोलून उपयोग नाही. खोलीवर बिल टाकत असाल तर सहीआधी खोली क्रमांक आणि पदार्थांची संख्या तपासा, आणि त्याचा एक फोटो काढून ठेवा.

उरलेलं बांधून घ्यायचं तर पिझ्झा आणि लझान्या घ्या. क्रीमचा पास्ता आणि रिसोत्तो घरी पोहोचेपर्यंत थिजतात, आणि उन्हाळ्यात गाडीत तास-दीड तास फिरवणं बरं नाही. त्यातून वाटेत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत थांबायचा विचार असेल तर काहीच बांधून घेऊ नका. पिझ्झा दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये वातड होतो. कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवा, दोन मिनिटांनी तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाका आणि झाकण घाला. आणखी दोन मिनिटांत चीज वितळतं आणि तळ पुन्हा कुरकुरीत होतो.